न निघणारा बोल्ट

बंद डबा, बंद पडलेला पंखा, अडकलेलं दार किंवा तोंड मिटून बसलेला माणूस, यांतलं काहीही आमच्या थोरल्या साडूंसमोर फार वेळ बंद राहिल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंथुर्ण्यात त्यांचा ऊस आहे, रस्त्याकडेला घर आहे, आणि अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं म्हणून मीही आबाच म्हणतो. ते मला ‘पाव्हणं’ म्हणतात. माझ्या लग्नातला बँडवाला म्हातारा झाला तरी त्यांच्या लेखी मी अजून पाहुणाच आहे, आणि पाहुण्याला बसायला सांगून आपण उभं राहायचं हा त्यांचा शिरस्ता. चहा बशीत ओतला की ती बशी घेऊन ते अंगणभर हिंडतात. शेवटचा घोट गोठ्याजवळ घेतात आणि बशी तिथंच विसरतात. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ते धड आलेले नाहीत. कुठं नुसता खांदा, कुठं वळलेली पाठ. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये आहेराच्या फोटोत एक लांबट पांढरा ढग दिसतो, ते आबा आहेत.

उघडण्याचा त्यांना नादच आहे. मिक्सर, रेडिओ, पाण्याच्या मोटरीचा स्टार्टर, दुसऱ्याच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ, काहीही चालतं. “उघाडल्याबिगर आत काय हाय ते कळतंय व्हय?” हा त्यांचा सवाल असतो आणि तो विचारेपर्यंत झाकण निघालेलं असतं. उघडतात ते फार छान. जोडताना मात्र चार-दोन स्क्रू हमखास उरतात. त्याचंही त्यांना काही वाटत नाही. कंपनीवाले जादाचे देतातच, हरवले तर असावेत म्हणून, असं ते मोठ्या विश्वासानं सांगतात. एकदा ते बारामतीला आमच्याकडे जेवायला आले. बेल वाजली म्हणून हिनं हात पुसून दार उघडलं, तर तेवढ्या वेळात बेलचं बटण आबांच्या हातात आलेलं आणि भिंतीतून दोन वायरी लोंबत असलेल्या. बेल वाजत होती, पण मनापासून वाजत नव्हती, असं त्यांचं म्हणणं. जेवायच्या आधी त्यांनी ती दुरुस्त केली. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातला दिवा लावला की बेल वाजते आणि शेजारच्या काकू आपल्याच दारात कुणी आलं का बघायला बाहेर येतात.

माणसांचंही तेच. इंदापूरहून येणाऱ्या बसमध्ये शेजारी एखादा घुम्या प्रवासी बसला की आबांच्या जिवाची तगमग सुरू होते. एकदा मी बरोबर होतो. निमगाव येईपर्यंत त्या गृहस्थाने आपल्या मुलीचं जमत नसलेलं लग्न सांगितलं आणि अंथुर्ण्याला आम्ही उतरलो तेव्हा तो खिडकीतून हात बाहेर काढून आबांचा हात सोडत नव्हता.

अशा माणसाशी आमच्या अक्कांनी इतकी वर्षं संसार केला तो आवाज न चढवता. अक्का म्हणजे माझ्या बायकोची ही थोरली बहीण. बाई शांत, सावकाश, एक काम हातात घेतलं की ते संपेपर्यंत दुसऱ्याकडे न बघणारी. आबांना आवरायला त्यांच्याकडे एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘अहो’. तो त्या मोठ्यानं म्हणत नाहीत. पण गोठ्यात असलेल्या आबांना तो ऐकू जातो आणि हातातला पाना खाली ठेवला जातो.

आबांची गाडी जुनी. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका साहेबांकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य सरलं होतं. उरलेलं निम्मं आबांनी तिच्या पोटात डोकं घालून काढलं. तिच्यातलं त्यांनी काय उघडलं नव्हतं असं विचारलं तर उत्तर एकच, पुढच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट. चाकाला खालून धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा असतो. त्याच्या टोकाला रबराचा जाड बुश असतो आणि त्या बुशातून आरपार जाणारा बोल्ट दांड्याला गाडीशी बांधून ठेवतो. आबांच्या गाडीतलं ते रबर कधीच संपलं होतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला ‘खडाक’ असा आवाज यायचा. इंदापूरच्या बसस्टँडमागच्या मिस्त्रीनं बघितल्या बघितल्या सांगितलं होतं की बुश बदलावा लागेल, पण बोल्ट गंजून बुशातल्या लोखंडी नळीशी एकजीव झालाय, कापावा लागेल. आबांनी घरी येऊन त्याला दोन-चार हिसके देऊन पाहिले. तो जागचा हलला नाही. आणि जन्मात पहिल्यांदा आबांनी एक गोष्ट तशीच सोडून दिली. चालतंय की, म्हणाले. खडाक आवाजाची सवय झाली, पावसाळे गेले, उसाच्या चिखलातून गाडी जातच राहिली आणि गंज आत आत मुरत राहिला.

मग त्यांच्या पुतणीचा साखरपुडा आला. बारामतीला कार्यालय घेतलं होतं. आबा नेहमीप्रमाणे घाईत, अक्का मागच्या सीटवर मांडीवर साडीचं ताट घेऊन. वाटेत एका वस्तीजवळ नवा गतिरोधक झाला होता, त्यावर पट्टे मारायचे राहिले होते. आबांना तो दिसला तेव्हा गाडी त्याच्यावर चढलीच होती. डावं चाक असं आपटलं की ताटातला नारळ उडून पुढच्या सीटवर आला. अक्का फक्त ‘आई गं’ म्हणाल्या. आबांनी गाडी थांबवली, तर काही झालं नाही, चला, असं त्यांनीच सांगितलं. कार्यालयात त्यांनी मुलीची ओटी भरली, पंगतीत गोड वाढलं, मग खुर्चीवर टेकल्या आणि त्यांना उठताच येईना.

पाठीचा एक मणका दबला होता. या वयात बायकांची हाडं ठिसूळ होतात, एवढा हिसका पुरतो, यात कुणाचा दोष नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, पडून राहा, महिन्या-दीड महिन्यानं दाखवायला आणा, आणि येताना धक्का बसू देऊ नका. त्या सगळ्यातला ‘धक्का’ एवढाच शब्द आबांच्या कानात शिरला.

त्यानंतरचे आबा मी ओळखले नसते. आमची ही बहिणीजवळ राहायला अंथुर्ण्याला गेली आणि शनिवार-रविवार मीही जाऊ लागलो. आबा पूर्वी हिंडायचे त्याच्या दुप्पट हिंडत होते, पण त्या हिंडण्यात एक भोवरा होता आणि त्याच्या मध्यावर अक्कांची खाट होती. त्यांनी खाटेच्या कुरकुरणाऱ्या जोडांना तेल घातलं. मोरीच्या वाटेतला उंबरा काढून टाकला. पंख्याचा आवाज कमी केला, खिडकीची बिजागरी बदलली. पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे आणि अक्कांनी मान वळवायच्या आत खोलीतून नाहीसे व्हायचे. बोलायचे मात्र नाहीत. बसमधल्या परक्या माणसाला बोलतं करणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला दुखतंय का एवढंही विचारू शकत नव्हता.

दाखवायला न्यायची तारीख जवळ आली तेव्हा मी म्हटलं, माझी गाडी घेऊन येतो, नवीन आहे, हळू नेऊ. आबा न्हाय म्हणाले आणि पाना शोधायला निघून गेले. मला जरा राग आला. थोड्या वेळानं अक्कांनी मला खाटेजवळ बोलावलं.

“त्यास्नी काढू द्या त्यो बोल्ट,” त्या म्हणाल्या. “मोकळं ठिवू नका. हात मोकळं असलं की दारात येऊन माझ्याकडं बघत्यात आन् मी बघितलं की जात्यात. आसं किती दिस चालायचं?”

शनिवारी सकाळी आबांनी गाडी अक्कांच्या खिडकीखाली आणली, जॅक लावला, बाभळीचे दोन ओंडके खाली सारले आणि चाक काढलं. नट तर सुटला. आबांचा चेहरा खुलला. पण बोल्ट? तो जणू दांड्याबरोबरच ओतून काढलेला. आबांनी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ शोधून ठेवले होते. ते व्हिडिओ दुप्पट वेगानं बघतात. त्यातला परदेशी माणूस बोल्टावर गंज सोडवणारं तेल मारतो, रात्रभर मुरू द्या म्हणतो. तेवढा भाग आबा बोटानं पुढे सरकवतात. “बघा पाव्हणं,” मला दाखवत म्हणाले, “तेल मारलं की लगीच निघाला.”

मी म्हटलं, मध्ये रात्र गेली आहे. त्यांना ते पटलं नाही, पण इंदापूरच्या मिस्त्रीनंही फोनवर तेच सांगितलं तेव्हा नाइलाज झाला. मिस्त्री म्हणाला, मी येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. आबा फोनला तोंड लावून खालच्या आवाजात म्हणाले, “नगा येऊ. माझ्यामुळं झालंय, मीच निस्तारतो.” मग तेल मारलं, आणि वाट बघायची होती. वाट बघणं आबांना जमत नाही. तेल मुरेपर्यंत त्यांनी गेटची कडी उघडली, मिक्सर उघडला, देवघरातली विजेची माळ उघडली. दर थोड्या वेळानं जाऊन बोल्टाला बोट लावून बघत, चुलीवरचा भात शिजला का बघावं तसं. दुपारी जेवायला वाढायला घेतलं तर चटणी मिक्सरच्या भांड्यात आणि मिक्सर ओसरीवर, असा प्रकार. अक्का आतून हिला म्हणाल्या की तेल बोल्टाला लावलंय का ह्यांना, ते एकदा बघून ये.

चार वाजता त्यांचा संयम संपला. हातोडा घेऊन त्यांनी बोल्टाच्या टोकावर असे घाव घातले की टोक चेपून अळंबीसारखं पसरलं आणि आता तो त्या बाजूनं निघण्याची आशा उरली नाही. मग डोक्याकडून पाना लावला, पान्यावर विहिरीवरचा पाइप चढवला आणि दोघांनी मिळून रेटा दिला. पाना निसटला. माझी बोटं वाचली, आबांची सोलली. मग गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून गॅसची नळकांडी आणली, लोखंड लाल केलं, आणि आतलं उरलंसुरलं रबर पेटलं. काळा धूर खिडकीतून थेट खाटेवर. आम्ही माती टाकून विझवलं. अक्का खोकत होत्या, खोकताना पाठ धरत होत्या, आणि आबा खिडकीबाहेर हातात रिकामं घमेलं घेऊन उभे होते. त्या खोकल्याचा एकेक ठसका त्यांच्या तोंडावर दिसत होता. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. उसाच्या कडेनं लांबवर चालत गेले आणि अंधार पडल्यावर आले.

रविवारी उरला एकच उपाय, बोल्ट कापायचा. ग्राइंडरचं चाक त्या सापटीत मावेना आणि ठिणग्या उडवायला अक्कांची बंदी होती. म्हणून करवतीचं नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून, बुश आणि पत्र्याच्या मधल्या फटीत घालायचं आणि घासायचं. आबा गाडीखाली आडवे झाले. मी बॅटरी धरून उकिडवा बसलो. फट अरुंद, हात पुढंमागं जायला जागा वीतभर. हे काम सावकाशीचं. घाई केली की पातं वाकडं होतं आणि तुटतं. आबांनी घाई केली. पहिलं पातं तुटलं. दुसरंही तुटलं. तिसरं त्यांनी घातलं आणि खर्रखर्रखर्र सुरू झालं, तोच डोक्यावरच्या खिडकीतून आवाज आला.

“अहो.”

करवत थांबली. मग सावकाश सुरू झाली. खर्र. खर्र. थोडा वेळ तशी चालली, मग हळूहळू पुन्हा पळायला लागली. पुन्हा वरून तेवढंच, “अहो.” अक्कांना बोल्ट दिसत नव्हता, पातं दिसत नव्हतं. त्या नुसत्या छताकडे बघत आवाज ऐकत होत्या, आणि आवाजाची लय बिघडली की त्या शब्दाने ती ठिकाणावर आणत होत्या. एक बाजू अशीच कापून झाली. आबा सरपटत दुसऱ्या बाजूला गेले. मी बॅटरीचा हात बदलला. दुसऱ्या बाजूचं काम निम्म्यावर आलं असेल, तेव्हा खालून आबांचा आवाज आला. त्यांनी हात थांबवला नव्हता.

“लई दुखतंय का?”

“हालल्यावर दुखतंय,” अक्का म्हणाल्या. “पडून न्हाय दुखत.”

खर्र. खर्र.

“मला दिसलाच न्हाय त्यो.”

“मला तरी कुठं दिसला?”

“तू माघं बसली हुतीस.”

“मग माघं बसल्यावर डोळं मिटून बसत्यात व्हय?”

पातं चालत राहिलं. मग आबा म्हणाले, “ह्यो बोल्ट मी तवाच काढाया पायजे हुता.”

“आता काढताय न्हवं,” अक्का म्हणाल्या. “काढा की मग.”

थोड्याच वेळात बारीकसा टक् आवाज झाला, दांडा सुटला आणि बुशाचा गंजका गोळा आबांच्या छातीवर पडला. तो दोन्ही हातांनी धरून ते बराच वेळ तसेच पडून राहिले. बाहेर आले तेव्हा तोंडभर गंजाची तांबडी पूड होती आणि डोळ्यांच्या कडेनं कानाकडे गेलेले दोन स्वच्छ ओघळ. मी बॅटरीच्या बटणाशी खटपट करत राहिलो.

नवा बुश बसला, नवा बोल्ट बसला, त्याला वंगण फासलं गेलं. सगळं जोडून झाल्यावर काहीच उरलं नव्हतं. एकही स्क्रू नाही, एकही वॉशर नाही. त्यामुळे आबांची झोप उडाली. काहीतरी भलतंच झालंय या काळजीनं त्यांनी सोमवारी सगळं पुन्हा तपासून घेतलं.

बारामतीला निघालो त्या दिवशी मी पुढे बसलो, मागे उशांच्या ढिगात अक्का आणि त्यांना धरून ही. आबांनी गाडी ज्या वेगाने चालवली त्याला वेग म्हणणं धाडसाचं होईल. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आम्हाला ओलांडून गेल्या. एक बैलगाडी काही वेळ बरोबरीनं चालली, मग गाडीवानानं आमची दया येऊन बैलांना पुढे काढलं. आबांच्या कपाळावर घाम होता. पाय वळवळत होता, बोटं स्टिअरिंगवर नाचत होती, साऱ्या अंगाला पळायचं होतं आणि ते त्याला पळू देत नव्हते. प्रत्येक गतिरोधकाच्या अलीकडे ते गाडी थांबवायचे, खाली उतरायचे, त्याची उंची बघून यायचे आणि मग चाकं मुंगीसारखी चढवायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी मागून अक्का म्हणाल्या, “अहो, आजच पोचायचंय न्हवं?” आणि आबा, मला वाटतं साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच, हसले. चाकातून आवाज म्हणून आला नाही. त्या वाटेनं एवढ्या शांततेत मी कधी गेलो नव्हतो.

डॉक्टरांनी पाठीचा नवा एक्स-रे बघून समाधान दाखवलं. मणका सांधतोय, हळूहळू चाला, पट्टा आणखी काही दिवस ठेवा. मग सहज म्हणाले की दबलेला मणका पहिल्यासारखा उंच होत नाही, पाठीला थोडा बाक राहील, उंचीही किंचित कमी झाल्यासारखी वाटेल, त्याला इलाज नाही. अक्का म्हणाल्या, या वयात उंची घेऊन कुठं जायचंय. आबांनी मात्र विचारलं, किती. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात थोडं अंतर धरून दाखवलं. येताना आबा एका हातानं गाडी चालवत होते आणि दुसऱ्या हाताची ती दोन बोटं तेवढीच उघडी धरून मांडीवर ठेवली होती.

त्यानंतर मी शिकवतो त्या शाळेच्या परीक्षा आल्या आणि माझं जाणं राहिलं. दिवाळी झाल्यावर गेलो तेव्हा अक्का स्वयंपाकघरात उभ्या राहून चहा टाकत होत्या. पाठीला बाक आला होता, पण चेहरा पूर्वीचाच. मला घर काहीतरी वेगळं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग आबांचं धोतर वाळत घातलेलं दिसलं, त्याचं टोक जमिनीला लागत होतं. दोरी खाली आली होती. स्वयंपाकघरातली मांडणी खाली आली होती. भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकं बुजवल्याचे डाग दिसत होते. देव खाली आले होते. दाराची वरची कडी, कंदिलाचा हूक, चहासाखरेच्या डब्यांची फळी, सगळं थोडं थोडं, तेवढंच.

“मला वाटलं हुतं, आता कशालाच हात पोचायचा न्हाय,” कप पुढे करत अक्का म्हणाल्या. “पर पोचतोय बघा सगळीकडं.”

त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येणार नाही. मी चहा घेऊन ओसरीवर आलो. तिथं आबा दाढी करत होते. आबा चांगले उंच गडी, आणि खांबावरचा आरसाही खाली आला होता. गुडघे दुमडून, मान खाली घालून, एका हातानं खांब धरून ते गालावर वस्तरा फिरवत होते आणि या पायावरून त्या पायावर होत होते. एवढ्यात अक्का आतून आल्या. सरका जरा, म्हणाल्या. आबा सरकले. अक्कांनी आरशात बघून, मान वर न करता, कपाळावरची टिकली नीट केली, पदर सारखा केला, पुन्हा एकदा बघितलं. अर्धा गाल साबणात ठेवून, वस्तरा हातात धरून आबा बाजूला थांबले होते.